उभ्या गाडीचे भाडे

दिवाळीच्या आधीचा आठवडा आला की पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर एक वेगळीच जमात दिसू लागते. ही जमात खरेदीला आलेली असते, पण दुकानात शिरत नाही. घरची मंडळी साड्यांच्या ढिगापुढे गादीवर बसलेली असतात आणि घरचा कर्ता पुरुष मोटारीत बसून लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, पुन्हा लक्ष्मी रस्ता अशा फेऱ्या मारीत असतो. पूर्वी लोक मारुतीला प्रदक्षिणा घालीत, आता मारुतीत बसून घालतात, एवढाच काय तो फरक. मधूनच कुठे एखादी गाडी हलल्याचा भास होतो, छाती धडधडते, आणि तेवढ्यात समोरून दुसराच कुणी तिथे घुसतो.

याच गृहस्थाला कुणी सांगावे, की साहेब, मंडईजवळ महापालिकेचे वाहनतळ आहे, तासाला अमुक रुपये द्या आणि निर्धास्त व्हा. की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. अनारशांच्या डब्याला मागेल ती किंमत मुकाट्याने देणारा माणूस गाडी उभी करण्यासाठी वीस रुपये मागितले की हुज्जत घालू लागतो. त्याला ती किंमत वाटतच नाही. दंड वाटतो, किंवा सरळ सरळ लूट. आणि खरे सांगायचे तर हा वीसचा आकडा कुणी, कसा आणि कशासाठी ठरवला, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलेही नसते.

आजच्या सदराचा विषय हाच आहे. शहराच्या मालकीच्या वाहनतळात गाडी ठेवण्याचा दर ठरवायचा कसा? विषय रुक्ष वाटेल. दिवाळी अंकात लोक चकल्या-चिवड्याबरोबर चावायला काही तरी खुसखुशीत मागतात, हे मला ठाऊक आहे. पण दर दिवाळीला ज्यापायी घरोघरी दोन-चार भांडणे होतात तो विषय दिवाळी अंकात नाही यायचा तर कुठे यायचा?

मराठीचा मास्तर असल्यामुळे आधी शब्दाकडे वळतो. अमेरिकेत गाड्या ठेवण्याच्या बहुमजली इमारतीला गॅरेज म्हणतात. आपल्याकडे गॅरेज म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो ऑइलने माखलेला मेकॅनिक आणि 'उद्या नक्की देतो' हे त्याचे वचन. तेव्हा आपला 'वाहनतळ' हा शब्दच बरा. सैन्याचा तळ पडतो, कारवानाचा तळ पडतो, आणि नको असलेला पाहुणा तळ ठोकतो. सगळा प्रश्न या शेवटच्या अर्थात दडलेला आहे. जागा दोन तासांसाठी आलेल्याला मिळावी, की सकाळी नऊला येऊन संध्याकाळी सहापर्यंत तळ ठोकणाऱ्याला?

या प्रश्नापायीच पार्किंगचे मीटर जन्माला आले. १९३५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी या शहरात जगातले पहिले मीटर बसले. कल्पना कार्ल मॅगी नावाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाची. तक्रार अशी होती, की बाजारपेठेतल्या सगळ्या जागा तिथल्याच कचेऱ्यांतले आणि दुकानांतले नोकरदार सकाळी अडवून बसतात आणि गिऱ्हाईक येते तेव्हा त्याला दाराशी उभे राहायला जागा नसते. तासाला पाच सेंट, म्हणजे एक निकेल, हा दर ठेवला. तिजोरी भरणे हा मूळ हेतू नव्हता. तळ उठवणे हा होता.

पुढे मात्र जे सर्वत्र होते तेच झाले. दर एकदा ठरला तो ठरला. सकाळी तोच, रात्री तोच, गजबजलेल्या पेठेत तोच आणि ओस पडलेल्या बोळातही तोच. विल्यम व्हिक्री नावाच्या कोलंबिया विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली यावर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की दर मागणीप्रमाणे हलता ठेवा आणि तो इतकाच ठेवा, की येणाऱ्याला कुठे तरी एखादी जागा मोकळी सापडेल. लोकांनी ऐकले आणि सोडून दिले. याच व्हिक्रीला १९९६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी तो वारला. अर्थशास्त्रज्ञांच्या नशिबी बहुधा असेच असते. त्यांचे शहाणपण ते गेल्यावरच कामाला येते.

व्हिक्रीचा धागा उचलला तो लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचे प्राध्यापक डॉनल्ड शूप यांनी. फुकट पार्किंगची किती जबर किंमत मोजावी लागते, यावर त्यांनी २००५ साली एक जाडजूड ग्रंथच लिहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते निवर्तले. शूपसाहेबांनी आपल्या विद्यापीठाशेजारच्या वेस्टवूड व्हिलेज या पंधरा ब्लॉकच्या छोट्या पेठेत स्वस्त जागेच्या शोधात फिरणाऱ्या गाड्यांचा हिशेब मांडला होता. एका गाडीला लागणारा वेळ सरासरी जेमतेम सव्वातीन मिनिटे. पण वर्षभराची बेरीज केली तर या फेऱ्यांचे अंतर साडेनऊ लाख मैल भरले, म्हणजे पृथ्वीला अडतीस प्रदक्षिणा! लक्ष्मी रस्त्यावरच्या आपल्या मारुतीभक्ताने हा हिशेब ऐकला तर त्याला निदान एकटेपणा तरी वाटणार नाही.

पण पुस्तक लिहिणे वेगळे आणि नगर चालवणे वेगळे. हे प्रत्यक्षात करून पाहिले सॅन फ्रान्सिस्कोने, आणि म्हणून आता तिकडे जाऊ या. शहराच्या मध्यभागाला तिकडे डाऊनटाऊन म्हणतात. कोथरूडचा माणूस 'गावात जाऊन येतो' म्हणतो, त्यातले 'गाव' म्हणजेच डाऊनटाऊन. सॅन फ्रान्सिस्कोच्या या गावभागात युनियन स्क्वेअर नावाचा एक चौक आहे. वर फरसबंदी, झाडे, मधोमध विजयस्तंभ, आणि चौकाच्या पोटात १९४२ सालापासून मोटारी ठेवण्याचे मजले. थोड्या अंतरावर फिफ्थ अँड मिशनचे वाहनतळ, अडीच हजारांहून अधिक गाड्यांचे. अशी बरीच वाहनतळे खुद्द शहराच्या मालकीची आहेत. म्हणजे रस्त्यावरच्या जागेचा मालकही शहर आणि इमारतीतल्या जागेचा मालकही शहरच. तरीही वर्षानुवर्षे या दोन जागांचे दर जणू सवतींनी ठरवले असावेत, असे एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले होते. गावभागात रस्त्यावरच्या मीटरचा दर दिवसभर तासाला साडेतीन डॉलर, आणि अनेकदा वाहनतळाचा त्याहून चढा. मग शहाणा माणूस काय करणार? आधी रस्त्यावर चकरा मारणार, आणि अगदी थकला तर वाहनतळात शिरणार.

२०११ ते २०१३ या काळात तिथल्या परिवहन खात्याने 'एसएफपार्क' नावाचा प्रयोग केला. रस्त्यावरच्या सुमारे सात हजार जागा आणि शहराच्या मालकीची १४ वाहनतळे, त्यांत सव्वाबारा हजारांच्या आसपास जागा, असा त्याचा पसारा होता. खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकारने उचलला. युक्ती अगदी साधी. आधी मोजा, मग दर ठरवा. रस्त्याचा एखादा तुकडा ठराविक वेळी ऐंशी टक्क्यांहून अधिक भरलेला आढळला तर तिथला दर तासाला पंचवीस सेंटांनी वर. साठ टक्क्यांहून कमी भरला तर दर खाली. वाहनतळांचे दर दर तीन महिन्यांनी तपासायचे. ऐंशी टक्क्यांच्या वर भरत असेल तर पन्नास सेंट वाढ, चाळीसच्या खाली असेल तर पन्नास सेंट घट, मधे असेल तर हात लावायचा नाही. आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ यांचा दर वेगवेगळा.

यात मला सर्वांत आवडली ती एक गोष्ट, की हे आकडे कुणाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. नियम आधी छापला आणि मग दर त्या नियमाने हलला. नगरसेवकाला फोन करून दर खाली येत नव्हता आणि अंदाजपत्रकात खड्डा पडला म्हणून वरही जात नव्हता.

परिणाम काय झाला? आपल्याकडच्या कुठल्याही सभेत 'दर बदलता ठेवू' म्हटले की लोकांना फक्त 'दर वाढवू' एवढेच ऐकू येते. तिथे उलटे झाले. प्रयोगाच्या क्षेत्रात रस्त्यावरचा सरासरी दर तासाला ११ सेंटांनी उतरला, २.६९ डॉलरवरून २.५८ वर आला. वाहनतळांचा तर ४२ सेंटांनी उतरला, ३.४५ वरून ३.०३ डॉलर. गर्दीच्या चार ठिकाणी दर चढला खरा, पण ओस जागांचा इतका उतरला, की बेरीज खाली आली. जागा शोधायला पूर्वी सरासरी साडेअकरा मिनिटे लागत असे लोक सांगत, ती साडेसहांवर आली. मीटरपायी होणारे दंडही घटले.

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडे फ्रीमॉंटला गेलो होतो. एके दिवशी तो आम्हाला सॅन फ्रान्सिस्को दाखवायला घेऊन गेला. चायनाटाऊनच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जागा चक्क मोकळी दिसली. मी म्हणालो, "अरे थांब, थांब, ही बघ जागा!"

"नको मामा, आपण सटर-स्टॉक्टनला जाऊ."

"पण ही समोर आहे ना!"

"आहे. पण आपल्याला चार तास फिरायचंय. ही जागा ज्याचं दहा मिनिटांचं काम आहे त्याची. चार तास इथं ठेवली तर महाग पडेल. वाहनतळात स्वस्त."

हा मुलगा शिवाजीनगरला वाढला. पुण्यात असताना दुसऱ्याच्या फाटकासमोर स्कूटर लावून वर त्याच्याशी भांडून येत असे. त्याला सॅन फ्रान्सिस्कोने नागरिकशास्त्राचा तास दिला असेल, असे मला वाटत नाही. पाटीवरच्या दोन आकड्यांनी त्याला हे शिकवले. थोडा वेळ थांबणाऱ्याने रस्त्यावर, जास्त वेळ थांबणाऱ्याने आत, आणि आतले भाडे बाहेरच्याहून कमी. आपल्याकडे सगळीकडे याच्या बरोबर उलट: बाहेर फुकट, आत पैसे. मग आतले मजले रिकामे आणि बाहेरचा रस्ता तुंबलेला, यात नवल कसले?

वाहनतळांच्या दरांत आणखी एक खोड असते, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वाहनतळ चालवणाऱ्याला सकाळीच इमारत भरली की बरे वाटते. म्हणून तो महिन्याचा पास स्वस्तात देतो, किंवा लवकर येणाऱ्याला दिवसभराची सवलत ठेवतो. तिकडे याला 'अर्ली बर्ड' म्हणतात. ही सगळी पाखरे ऐन गर्दीच्या वेळी एकदम रस्त्यावर उतरतात, इमारत भरून टाकतात, आणि अकरा वाजता आईला डॉक्टरकडे घेऊन आलेल्या माणसाला दारावर 'जागा नाही' ही पाटी दिसते. खासगी मालकाने असे केले तर तो त्याचा धंदा. शहराने कशासाठी करावे? सॅन फ्रान्सिस्कोने या प्रयोगात ही सवलत आवळली आणि तिच्याऐवजी गर्दीच्या वेळा टाळून ये-जा करणाऱ्यांना सूट दिली. माझ्या मते सबंध प्रयोगातले हे सर्वांत धाडसी पाऊल होते, कारण पासवाले संघटित असतात आणि डॉक्टरकडे निघालेल्या आईची संघटना नसते.

शहराने हा अधिकार हातचा घालवला तर काय होते, याचा धडा शिकागोत मिळतो. तिथल्या गावभागात ग्रँट पार्क आणि मिलेनियम पार्क यांच्या खाली शहराची चार मोठी वाहनतळे होती, नऊ हजारांहून अधिक गाड्यांची. २००६ साली शहराने ती ९९ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीला दिली आणि ५६ कोटी ३० लाख डॉलर रोख मोजून घेतले. करारात एक कलम होते: या वाहनतळांशी स्पर्धा करील असे दुसरे सार्वजनिक वाहनतळ जवळपास होऊ द्यायचे नाही. पुढे शहरानेच शेजारच्या एका नव्या उंच इमारतीतले वाहनतळ लोकांना खुले करायला परवानगी दिली. प्रकरण लवादापुढे गेले आणि २०१३ साली लवादाने शहराला पावणेसहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला लावली. आपल्याच गावात गाड्यांना जागा दिली म्हणून दंड! मधल्या काळात, २००८ साली, शिकागोने रस्त्यावरची ३६ हजार मीटरेही ७५ वर्षांसाठी अशीच देऊन टाकली होती, तेव्हा मिळाले ११५ कोटी डॉलर. पैसे केव्हाच खर्च झाले. पहिला करार २१०५ साली संपेल आणि दुसरा त्याच्या बावीसएक वर्षे आधी. आजोबांनी वाडा गहाण टाकावा आणि पणतूने सोडवावा, अशातला हा प्रकार.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. कुणी म्हणेल, हा सगळा श्रीमंतांचा खेळ झाला. ज्याच्या खिशात पैसे तो गर्दीच्या वेळीही जागा मिळवील. गरिबाने काय करावे? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. गाडी वाहनतळात उभी करायची तर मधल्या वाटा आणि चढ-उतार धरून तिला तीनशे चौरस फुटांच्या आसपास जागा लागते. मुंबईच्या बीडीडी चाळीतली एक खोली १६० चौरस फुटांची. तीत पिढ्यान् पिढ्यांचे संसार झाले. म्हणजे एका गाडीला जवळजवळ दोन बिऱ्हाडांची जागा आपण देणार, आणि तिचे भाडे घेताना गरिबाची आठवण काढणार! गावभागात येणारा खरा गरीब बसने येतो, नाही तर चालत. फुकट पार्किंगचा खर्च कुणाच्या तरी माथी बसतोच, आणि तो त्याच्याही माथी बसतो. सॅन फ्रान्सिस्कोत बस, ट्राम आणि पार्किंग ही तिन्ही एकाच खात्याकडे आहेत आणि पार्किंगच्या पैशाचा मोठा भाग बस-ट्रामकडे वळतो. निदान तेवढ्यापुरता हिशेब सरळ आहे. आक्षेपात खरे आहे ते इतकेच, की रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा पहाटे गाळा उघडणाऱ्याला बस मिळत नाही. पण त्यांच्या वेळी जागाही रिकाम्या असतात, आणि वेळेनुसार दर असला की तो त्या वेळी उतरतो. सरसकट एकच दर ठेवला तर मात्र त्यांनाही दुपारच्या खरेदीवाल्याइतकेच मोजावे लागतात.

आपल्याकडे या दिशेने प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पुणे महापालिकेच्या सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंगचे धोरण मंजूर केले. गदारोळ झाला, मग ते निवडक पाच रस्त्यांपुरते करून पाहायचे ठरले आणि तेही रेंगाळले. मुंबईने दुसरे टोक गाठले. जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरांच्या आत रस्त्यावर बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीला दहा हजार रुपये दंड लागू झाला. फुकट आणि दहा हजार यांच्या मधे किती पायऱ्या बसतात! पण त्या पायऱ्या बांधायच्या म्हणजे रोज मोजणी आली, दर तीन महिन्यांनी आकडा बदलणे आले, आणि तो कमीही करणे आले. दंड लावणे त्या मानाने सोपे.

शिवाय आपले गणित जसेच्या तसे तिकडून उचलता येणार नाही, हेही खरे. तिकडे प्रश्न मोटारींचा, पुण्यात स्कूटरी-मोटारसायकलींचा. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा स्कूटरी सहज मावतात, तेव्हा स्कूटरवाल्याचा दर त्या हिशेबाने अगदी नाममात्रच असायला हवा, पण शून्य नको. शून्य दराची वस्तू कुणी मोजत नाही.

आणि मोजणीसाठी तर वाहनतळासारखी सोय नाही. सॅन फ्रान्सिस्कोला रस्त्यावरच्या गाड्या मोजण्यासाठी डांबरात यंत्रे पुरावी लागली, ती पुढे कुरकुरू लागली, आणि प्रयोगानंतर मीटरमध्ये पडलेल्या पैशांवरून अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनी बसवली. वाहनतळाला मात्र फाटक असते. प्रत्येक गाडी त्यातूनच आत येते आणि त्यातूनच बाहेर जाते. मंडईजवळच्या वाहनतळात सकाळी अकराला किती गाड्या असतात, दुपारी तीनला किती आणि रात्री आठला किती, हे रोज दारावर लिहून ठेवायला यंत्र नको, सल्लागार नको आणि निविदाही नको. एक फळा आणि थोडा खडू एवढे पुरते. खडू मी आमच्या कॉलेजातून आणून देईन.